वेट अँड वाइल्ड बंद झालं रे

ऑरलँडो, ऑगस्ट 2019

प्रिय सुन्या,

डिसेंबरात तुम्ही सगळे येताय हे कळल्यापासून घरात नुसता दंगा चाललाय, हिने तर वरच्या खोलीत गाद्या कशा टाकायच्या तेसुद्धा ठरवून टाकलं. पण तू खाली लिहिलंस ना, की या वेळी पण त्याच वॉटर पार्कला जाऊ, पोरांचं सोड मलाच जायचंय, त्याचं उत्तर व्हॉट्सॲपवर दोन ओळीत देववेना म्हणून मेल लिहायला बसलोय. वेट अँड वाइल्ड बंद झालं सुन्या. 31 डिसेंबर 2016 हा शेवटचा दिवस. पाडूनही टाकलं. आय-फोर हायवेवरून जाताना डावीउजवीकडे मान वळवायच्या आधीच तो घसरगुंड्यांचा सहा मजली टॉवर दिसायचा आठवतंय ना, तिथे आता हॉटेल आहे, थीम पार्कवाल्या युनिव्हर्सल कंपनीचं सर्फसाइड इन, याच जूनमध्ये उघडलं, 750 खोल्या. शेजारी त्याच्याहून मोठं दुसरं बांधकाम चालू आहे, दोन्ही मिळून 2,800 खोल्या होणार म्हणे.

तुम्ही 2008 ला आलात तेव्हा ते पार्क एकतीस वर्षं जुनं होतं हे मी तुला तेव्हा सांगितलंच नसेल, कारण मलाच ठाऊक नव्हतं, ते बंद होणार कळल्यावर मी सगळं वाचत बसलो. जॉर्ज मिले नावाचा माणूस, ज्याने मित्रांबरोबर 1964 ला सॅन डिएगोला सी वर्ल्ड हे समुद्री प्राण्यांचं पार्क सुरू केलं, त्याने तिथून बाहेर पडल्यावर 1977 मध्ये ऑरलँडोच्या इंटरनॅशनल ड्राइव्हवर हे पार्क काढलं. त्याआधी पाण्याच्या घसरगुंड्या एकेकट्या असायच्या, लाटांचे टँकही कुठे कुठे होते, पण हे सगळं एका कुंपणात आणायचं, गेटवर एकदाच तिकीट घ्यायचं आणि दिवसभर माणसाला पाण्यात सोडून द्यायचं, ही आज आपल्याला इतकी साधी वाटणारी गोष्ट त्याने इथे जमवून दाखवली. पहिला सीझन तोट्यात गेला तरी त्याने सोडलं नाही. डिस्नेचं रिव्हर कंट्री एक वर्ष आधीचं, 1976 चं, त्यामुळे पहिलं कोण यावर लोक भांडतात, पण ते एका तळ्याच्या कडेला पोहायची जागा असावी तसं होतं, आणि वॉटर पार्कवाले स्वतः मिलेलाच या धंद्याचा जनक मानतात. माझं मत विचारशील तर मिलेच. आज आपल्याकडे लोणावळ्यापासून कुठेही वॉटर पार्कात गेलास की लाटांचा वेव्ह पूल, ट्यूबमध्ये बसून हळूहळू वाहत जायची लेझी रिव्हर, टॉवरवरून सरळ खाली येणारी स्लाइड, हा जो ठरलेला साचा दिसतो तो इथूनच जगभर गेला. अशी जागा आपल्या घरापासून पंधरा मिनिटांवर होती आणि आपण तिथे पोहे खात बसायचो!

खरंच, ते पोहे. त्या पार्काची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे कूलर आत न्यायला द्यायचे. काचेची बाटली नको आणि दारू नको, बाकी काय हवं ते आणा. हिने केलेली थालीपिठं, दही, उकडलेली अंडी, कलिंगड, सगळं घेऊन आपण त्या झाडाखाली बसलो होतो आणि शेजारी पोर्टो रिकोचं एक मोठं कुटुंब होतं, त्यांची आजी आणि माझी आई एकमेकींना डबे पुढे करत होत्या, भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती. दुपारनंतर तिकीट स्वस्त व्हायचं, मग हॉटेलात काम करणारी, स्वयंपाकघरात राबणारी माणसं ड्यूटी संपली की पोरांना घेऊन यायची, उन्हाळ्यात रात्रीपर्यंत उघडं असायचं. पार्क भर रस्त्यावर, बस दारात, चालत येणारेही खूप. हे मी मुद्दाम सांगतोय कारण ऑरलँडो म्हटलं की सगळ्यांना टुरिस्ट दिसतात, पण या गावात राहणारी, टुरिस्टांच्या चादरी बदलणारी जी माणसं आहेत त्यांना परवडेल अशी मजेची जागा फार कमी रे, आणि ही त्यातली एक होती.

आणि आईचं तर काय सांगू. पाण्याची भीती, कृष्णामाईतसुद्धा घोट्याच्या वर कधी उतरली नाही, पण लेझी रिव्हरच्या ट्यूबमध्ये एकदा बसली ती उठायलाच तयार नाही, फेरीवर फेरी. पुढे दर वेळी इकडे आली की पहिल्या आठवड्यात विचारायची, "अरे ते गोल फिरायचं कधी?" तुझा आदित्य त्या बॉम्ब बे स्लाइडवर उभा राहिला ते आठवतं का? त्या कॅप्सूलमध्ये छातीवर हात बांधून उभं राहायचं आणि पायाखालची फळीच निघून जायची. खाली वहिनी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होत्या. शेजारीच डेर स्टुका नावाची स्लाइड, तोच टॉवर, तीच उंची, 76 फूट, पण तिथे निदान आपण स्वतः बसून स्वतःला ढकलायचो, ते मला जास्त अवघड वाटायचं.

आमच्या मृण्मयीने कॉलेजला जायच्या आधी दोन उन्हाळे तिथे लाइफगार्डचं काम केलं, हे तुला माहितेय. तिची पहिली नोकरी. लाल पोहण्याचा ड्रेस, हातात ती लांब फ्लोट, आणि मान सतत फिरती. दहा सेकंदात आपला पूर्ण भाग नजरेखालून घालायचा आणि वीस सेकंदात बुडणाऱ्यापर्यंत पोचायचं, हा त्यांचा नियम, घरी जेवतानासुद्धा ती टेबलावर अशी नजर फिरवायची की हसू यायचं. वेव्ह पूलमधून तिने एका चारपाच वर्षांच्या मुलाला बाहेर काढलं होतं, आईवडील सहा फुटांवर होते आणि त्यांना कळलंही नव्हतं. बुडणारं मूल ओरडत नाही बाबा, गुपचूप खाली जातं, हे तिने मला त्या दिवशी सांगितलं. सतरा वर्षांची पोर. इथल्या शाळांमधली किती पोरंपोरी जबाबदारी म्हणजे काय ते त्या खुर्चीत बसून शिकली असतील.

मग बंद का केलं? तोट्यात होतं म्हणून नाही. 1998 मध्ये मिलेने पार्क विकलं आणि ते युनिव्हर्सलकडे आलं, जमीन मात्र बरीच वर्षं भाड्याची होती, ती त्यांनी 2013 मध्ये विकत घेतली. तेव्हाच जाणकार म्हणाले, आता काहीतरी होणार. 2015 मध्ये जाहीर केलं की युनिव्हर्सल स्वतःच्या आवारात व्होल्कॅनो बे हे नवीन वॉटर पार्क बांधणार आणि हे बंद. हिशोब समजतो मला, त्या रस्त्यावरची इतकी जमीन, त्यावर खोल्या बांधल्या की पाण्यापेक्षा पैसा जास्त, आणि पाहुणा मुक्कामालाही आपल्याकडे अन् खेळायलाही आपल्याकडे. कंपनीच्या जागी मी असतो तरी कदाचित हेच केलं असतं, पण मी कंपनी नाही ना, मी त्या गेटमधून पोरीला आणि आईला घेऊन जाणारा माणूस आहे, मला वाईट वाटलंच पाहिजे.

शेवटच्या आठवड्यात आम्ही गेलो होतो. डिसेंबर असला तरी पाणी गरम करायचे, सकाळी पूलवर वाफ दिसायची. पार्क म्हातारं झालं होतं हे खरं, जिन्याचा रंग उडालेला, काँक्रीट तापलं की पाय भाजायचे. पण त्या आठवड्यात साठीची माणसं नातवंडांना ओढत ओढत वर नेत होती, मी तुझ्याएवढा होतो तेव्हा इथे आलो होतो म्हणून सांगत होती. ब्लॅक होल स्लाइडच्या रांगेत एक बाई भेटल्या, 1977 च्या उन्हाळ्यातच पहिल्यांदा आलेल्या, आता मुलीच्या मुलीबरोबर. एका गावातल्या तीन पिढ्या एकाच जिन्यावर उभ्या, सांग मला, अशा किती जागा असतात अमेरिकेत? इथे सगळं दर दहा वर्षांनी पाडतात.

व्होल्कॅनो बे 2017 च्या मे महिन्यात उघडलं, आणि ते सुंदर आहे, उगाच नावं ठेवणार नाही. मधोमध 200 फुटी ज्वालामुखी, हातात घड्याळासारखा पट्टा, त्यावर तुमचा नंबर लागतो, त्यामुळे ट्यूब डोक्यावर घेऊन तासभर उभं राहायला नको. पायाखालची फळी निघून जाणारी स्लाइड तिथेही आहे, जास्त उंच, आदित्यला आवडेल. पण गाडी लांब गॅरेजमध्ये लावायची, मग बस, मग तपासणी, मोठा कूलर आत नेता येत नाही, आणि पाच जणांचं तिकीट काढलं की ड्यूटीवरून येणारा माणूस परत तिकडे फिरकणार नाही. मला तिथे एकही ओळखीचा चेहरा दिसला नाही अजून.

तर डिसेंबरसाठी असं कर. पोरांना एक दिवस व्होल्कॅनो बे देऊ, आपण दोघं हवं तर ॲक्वाटिकाला जाऊ, ते सी वर्ल्डवाल्यांचं आहे आणि तिथली लेझी रिव्हर झकास आहे. थंडीची लाट असेल त्या दिवशी नको मात्र, वहिनींना सर्दी होईल.

आणि एक काम कर रे. तुझ्या त्या हँडीकॅमच्या कॅसेट अजून माळ्यावर असतील बघ, 2008 च्या. साताऱ्यात कॅसेटवरून पेन ड्राइव्हवर करून देणारा कोणीतरी सापडेल, नाहीतर पुण्यात नक्की. त्यात आईच्या लेझी रिव्हरच्या फेऱ्या आहेत, तू कडेने पळत पळत शूटिंग केलं होतंस. आमच्याकडे त्या पार्काचे फोटो आहेत पण व्हिडिओ एकही नाही. एक कॉपी आईला घरी नेऊन दाखव, तिला पार्क पाडलं ते मी अजून सांगितलेलं नाही, तूच समोर बसून सांग, आणि एक कॉपी इकडे घेऊन ये. कॅसेटला बुरशी लागली असेल तर दुकानदाराला आधी सांग, ते साफ करून देतात. तिकिटं काढलीस की फ्लाइटचा नंबर पाठव.

तुझा,
बंड्या