काकूंचं तिकीट

पुणे

प्रिय सुहास,

दुबईमार्गे तिकीट स्वस्त पडतंय, तेच काढू का, असं तू विचारलंस. काकूंसाठी तरी नको. पहिल्यांदाच आणि एकट्या न्यूयॉर्कला येताहेत त्या. मुंबईहून थेट विमानच बघ.

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साधारण १२,५५० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवलीस तर रेघ सौदी, इजिप्त, मोरोक्कोवरून जाते. जवळची वाट ती नव्हेच. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघ. बलुचिस्तान, अफगाणिस्तान ओलांडून तो मॉस्को आणि हेलसिंकीच्या आसपासून निघतो, आइसलंडवरून पुढे सरकतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून खाली उतरतो. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा थक्क झालो होतो. अर्थात विमानाला या दोऱ्यावरून जाता येतंच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हापासून वळसे वाढले. दिल्लीच्या विमानांना त्याची झळ जास्त बसली. मुंबईहून निदान अरबी समुद्रावरून बाहेर पडता येतं.

आता वेळेचं. येताना काकूंना १६ तास तरी धर, थोडे जास्तच. परतताना मात्र तोच प्रवास दीड-दोन तासांनी कमी होतो. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. तुमच्याकडे येताना ते समोरून अडवतात, भारतात परतताना पाठीमागून ढकलतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त असतो.

दुबईमार्गे गेलं तर अंतर फारसं वाढत नाही. मुंबई-दुबई १,९३० आणि दुबई-न्यूयॉर्क साधारण ११,०००, म्हणजे जेमतेम चारशे किलोमीटर जास्त. स्वस्त तिकीट बघताना हेच फसवतं. वाढतो तो वेळ. मध्ये उतरणं, पुन्हा तपासणी, भलंमोठं विमानतळ, पुढच्या विमानाची वाट बघणं. पहिलं विमान उशिरा आलं तर? इंग्रजीत विचारपूस करायची वेळ काकूंवर एकट्याने येऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे. बरोबर कुणी असतं तर मीच म्हटलं असतं, पैसे वाचव.

थेट विमानातही सोळा तास बसून काढणं सोपं नाही. आतली हवा कोरडी असते, आणि कळसूबाईच्या माथ्यावर असते त्याहूनही विरळ. पाणी पीत राहायचं, अधूनमधून उठून चालायचं, बसल्या जागी पावलं हलवायची. पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हे फार महत्त्वाचं. जागा कडेची घे, म्हणजे उठताना कुणाला सांगायला नको. रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत हव्यात, सामानात नकोत. मनगटावरचं घड्याळ भारताच्याच वेळेवर राहू दे, त्यावर बघून गोळी घ्यायची. उन्हाळ्यात तुमची वेळ साडेनऊ तास मागे असते. म्हणून रात्री दीडला मुंबईहून निघून सोळा तासांनीही त्या त्याच तारखेच्या सकाळी आठच्या सुमाराला न्यूयॉर्कला उतरतील. हे त्यांना आधीच समजावून सांग, नाहीतर त्या गोंधळतील. आणि डॉक्टरांना एकदा विचारून घेऊच, ते माझ्याकडे लागलं.

तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेव. चालता येतं म्हणून काकू नको म्हणतील, पण दोन्ही विमानतळांवर व्हीलचेअरबरोबर माणूस येतो, आणि इमिग्रेशनच्या रांगेपर्यंत सोबत राहतो.

तारीख ठरली की लगेच कळव. मुंबईपर्यंत मी गाडीने घेऊन जाईन.

तुझा,
विनय