दुपारची बाज आणि रात्रीचं जागरण

संपादक महोदय,

पारा ४५ अंशांवर गेला, की आपल्याकडची म्हातारी माणसं दुपारभर बाजेवर पडून असतात आणि रात्री दोनला ओसरीत उठून बसतात. घरचे म्हणतात, वयच झालं. पण झोप-हालचालीची लय अशी तुकड्यांत मोडणं आणि विसरभोळेपणा यांचा संबंध अभ्यासांत वारंवार दिसला आहे. कारण कोणतं, परिणाम कोणता, हे अजून पक्कं नाही. मेंदूची झीजही लय बिघडवते.

मेंदूतलं घड्याळ डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर जुळतं. मोतीबिंदूत तो उजेडच कमी पोचतो, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली शस्त्रक्रिया लांबवू नये. सकाळी ऊन तापायच्या आत अर्धा तास वावराच्या धुऱ्यावर चालावं. डुलकी तीनच्या आत, अर्ध्याच तासाची, गजर लावून. रात्र वाईट गेली तरी उठण्याची वेळ तीच. चारनंतर चहा नको. तंबाखू-सुपारीचा खर्रा तर नकोच. त्यातलं निकोटीन झोप उडवतं, हे फार कुणी सांगत नाही. रक्तदाबासाठीची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली, की रात्री तीन-चारदा उठणं आलंच. ती सकाळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारावं. स्वतःहून बंद करू नये.

आणि ओलिताची वीज रात्री येते तिथे पासष्टीचा बाप मोटर सुरू करायला जातो, वर रानडुकरांपासून पीक राखायला जागलही करतो. त्याला गजराचा काय उपयोग? कृषिपंपांना दिवसा वीज द्या.

– गावपातळीवरचे काही आरोग्यसेवक, यवतमाळ जिल्हा