इन्व्हर्टर ‘उष्णतेमुळे’ बिघडला म्हणून वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

दि. ५ जुलै २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ३ किलोवॅट सोलर इन्व्हर्टरचा वॉरंटी दावा फेटाळल्याबाबत.

महोदय,

माझ्या भुसावळच्या घरावर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी आपल्या अधिकृत इन्स्टॉलरने ५४० वॅटची सहा पॅनेल आणि त्यांची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारा आपला इन्व्हर्टर बसवला. वॉरंटी ५ वर्षांची. यंदा १९ मे रोजी दुपारी इन्व्हर्टर बंद पडला, तो पडलाच. २७ जूनच्या ई-मेलमध्ये आपण कळवता की बिघाड ‘जादा उष्णता व व्होल्टेजमधील चढउतार’ यांमुळे झाला, सबब वॉरंटी लागू नाही. नवीन हवा असल्यास १८,५०० रुपये भरावेत.

उष्णतेमुळे बिघडला हे मला मान्य आहे. ती उष्णता आणली कोणी, एवढंच विचारायचं आहे.

इन्स्टॉलरच्या पोरांनी इन्व्हर्टर गच्चीवर पश्चिमेच्या भिंतीला ठोकला. मी म्हटलं, जिन्याखाली उत्तरेला दिवसभर सावली असते, तिथे लावा. तर म्हणे, “काका, केबल पंधरा मीटर जास्त लागेल.” वरून पाऊस आणि चोरी या नावाखाली पत्र्याची पेटी चढवली. चारी बाजूंनी बंद, खाली केबलपुरतं भोक. आता हा इन्व्हर्टर आयपी ६५ चा, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारा, तो पावसाला कशाला भितोय? त्याला पंखा नाही. मागच्या हीट सिंकच्या फिन्समधून, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधून, हवा खालून वर सरकली तरच तो निवणार. आपल्याच मॅन्युअलमध्ये छापलंय : थेट ऊन नको, वर-खाली ३० सेंटिमीटर मोकळं हवं, ४५ अंशांपुढे पॉवर आपोआप कमी होईल. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ ला टेकतो. इन्व्हर्टर बंद पडल्यानंतर, २२ मे रोजी, मी त्या पेटीत थर्मामीटर टांगला. दुपारी साडेतीनला ५८ अंश. मेलेला इन्व्हर्टर आत असताना ५८. चालू असताना त्याची स्वतःची उष्णता वेगळी.

लक्षणं आधीपासून होती. एप्रिल २०२४ मध्ये ॲपवर सकाळी ११ वाजता २.५ किलोवॅट दिसायचे आणि दुपारी २ ला १.६. आमच्या गावात सूर्य साडेबाराच्या सुमारास माथ्यावर येतो, म्हणजे ११ आणि २ या दोन्ही वेळी पॅनेलवर ऊन जवळपास सारखंच. तापलेली पॅनेलंही थोडी कमी देतात हे मला ठाऊक आहे, पण थोडी; एक तृतीयांश नाही. तेव्हा तक्रार नोंदवली तर उत्तर आलं, “उन्हाळ्यात जनरेशन कमी होतंच.” विषय बंद.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालो. ‘उष्णता’ हा शब्द टाकला की ग्राहक गप्प बसेल, असं गृहीत धरू नये. इन्व्हर्टरमध्ये लवकर थकतात ते इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून धरणारे डबीसारखे भाग. आतला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं, हा हिशेब आम्ही पोरांना फळ्यावर शिकवायचो. २९ मे रोजी आपल्या टेक्निशियनने माझ्यासमोर झाकण उघडलं तेव्हा दोन मोठ्या कपॅसिटरची डोकी फुगून वर आली होती आणि भोवतालचा बोर्ड तपकिरी पडला होता. तो भला मुलगा म्हणाला, “काका, हा तर आत शिजलाय.” त्याच्या रिपोर्टमध्ये मात्र फक्त ‘ओव्हरहीट’ एवढंच आलं. फिन्समध्ये जवळच्या जिनिंगमधली कापसाची तूसही अडकली होती, तेही लपवत नाही. पण पेटी भिंतीला रिपिट मारून बसवलेली. मी ब्रश घालणार कुठून?

व्होल्टेजचं म्हणाल तर आपल्याच ॲपच्या लॉगमध्ये वर्षभरातला सर्वांत मोठा आकडा २४८ व्होल्ट आहे. मर्यादा ओलांडली तर इन्व्हर्टरने स्वतःहून लाइनपासून सुटायचं, त्याचसाठी ते संरक्षण दिलंय ना? एसीडीबी आणि डीसीडीबी, म्हणजे एसी आणि डीसी बाजूच्या वितरण बोर्डांमधल्या, अचानक वाढलेलं व्होल्टेज अडवणाऱ्या दोन्ही सर्ज प्रोटेक्टरच्या खिडक्या आजही हिरव्या, म्हणजे शाबूत, आहेत. शेजाऱ्यांकडे आपलंच हेच मॉडेल, त्याच ट्रान्सफॉर्मरवर, माझ्या आधी सहा महिने बसवलेलं. जिन्याखाली आहे. उत्तम चालू आहे.

आता आपण म्हणता, इन्स्टॉलर वेगळा, आम्ही वेगळे. वॉरंटी नोंदवताना इन्स्टॉलरने जागेचा फोटो आपल्या पोर्टलवर चढवला होता. त्यात पश्चिमेची भिंतही दिसते आणि पत्र्याची पेटीही. तो फोटो पाहूनच आपण वॉरंटी प्रमाणपत्र दिलंत. तेव्हा चाललेली पेटी आज चालत नाही, असं कसं?

माझी मागणी अशी : नवीन इन्व्हर्टर विनामूल्य द्यावा, दुरुस्त करून रंगवलेला जुना नको. तो जिन्याखाली उत्तरेच्या भिंतीवर, पेटीशिवाय बसवावा. जादा केबलचा खर्च आपला. बंद काळात रोजचे १० युनिट धरले तरी ४६ दिवसांचे ४६० युनिट मी विकत घेतले, त्याचे पैसे मिळावेत. आणि या मॉडेलवर पत्र्याच्या पेट्या चढवू नयेत, अशी लेखी सूचना इन्स्टॉलरला द्यावी. याच गल्लीत त्याने आणखी दोन ठिकाणी तशाच पेट्या मारल्या आहेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. जुना इन्व्हर्टर कपॅसिटरसह माझ्या ताब्यात आहे, आयोगासमोर तोच ठेवेन.

सोबत : बिल, वॉरंटी प्रमाणपत्र, पोर्टलवरचा फोटो, थर्मामीटरचा फोटो, ॲपमधील नोंदी.

आपला,
एक ग्राहक, भुसावळ