मानशीवरच्या काकांना

सप्रेम नमस्कार काका,

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही, हे ठाऊक आहे. सूनबाई वाचून दाखवतील म्हणून इथे लिहिते. गोव्यातल्या आपल्या चोडण बेटाच्या बाहेरच्यांनाही कळू दे, आमच्या आठवीच्या वर्गाला यंदा विज्ञान कोणी शिकवले ते.

दर महिन्याला एक उपक्रम घ्यायचा आणि फोटोंसकट अहवाल फाईलला लावायचा, हा आमचा शिरस्ता. जास्वंदीच्या रसात खायचा सोडा टाकला की रस हिरवा होतो, मुले टाळ्या पिटतात. पण उत्तर पुस्तकात आधीच छापलेले असते आणि मुलांना ते पक्के ठाऊक असते. (थर्माकोलच्या ज्वालामुखीबद्दल तर मी बोलतच नाही.) ‘दाब’ हा धडा आला तेव्हा वाटले, खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतीच्या, कडेला राहणाऱ्या पोरांना धरणाचे चित्र कशाला दाखवायचे?

मुलांना तुमच्या मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांवर, आणू का, असे विचारले. तुम्ही हो म्हणालात, पण अट घातलीत: आधी बघायचे, मग विचारायचे. मुले बांधावर बसून राहिली. भरतीचे पाणी बाहेरून चढले, आतल्यापेक्षा वर गेले आणि मानशीची लाकडी दारे कोणी हात न लावता लागली. फटीतून थोडे पाणी चिरकत राहिले, मग तेही थांबले. पाणी जितके खोल तितका दाब जास्त, हे वाक्य मी फळ्यावर कितीदा लिहिले असेल! त्या दिवशी ते सांगायची गरजच पडली नाही. ओहोटीला तीच दारे उघडतील का, हे मुलांनीच पैजा लावून ठरवले.

दुसऱ्या महिन्यात रंगाने खुणा केलेला बांबू रोवला आणि दर पंधरा मिनिटांनी पाण्याची उंची लिहिली. मुलांचा अंदाज होता, पाणी सारख्या वेगाने चढणार. तुम्ही नुसते म्हणालात, ‘मदीं उदक धांवता.’ आलेख काढला तर सुरुवातीला सपाट, मध्ये उभा, शेवटी पुन्हा सपाट! सहा तासांच्या भरतीत जवळपास निम्मे पाणी मधल्या दोन तासांतच चढते. भरती रोज साधारण 50 मिनिटे उशिरा का येते, हा प्रश्न मग एका मुलीने आपणहून विचारला आणि वर्ग चंद्रापर्यंत पोहोचला.

पण मुले अजून बोलतात ती बाटल्यांबद्दल. मिरामारचे समुद्राचे पाणी, मानशीजवळचे, फेरी धक्क्यावरचे, ऑगस्टात भरून ठेवलेले नदीचे, आणि खोडी म्हणून शाळेच्या नळाचे. नावे नव्हती, फक्त आकडे. तुम्ही प्रत्येकातला थेंब जिभेवर ठेवून थुंकलात आणि बाटल्या खारेपणानुसार ओळीने लावल्यात. नळाची तर नुसत्या वासावरून बाजूला काढलीत, वर माझ्याकडे बघून हसलात. मग आम्ही प्रत्येकातले 100 मिलिलीटर आटवून उरलेले मीठ तराजूवर तोलले. मिरामारचे साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरले, ऑगस्टच्या नदीचे जेमतेम तळाला चिकटलेले. ओळ तुमचीच निघाली. जास्त भरवशाचे कोण, तराजू की काका, यावर वर्गात जे भांडण झाले तसे मला कुठल्याच प्रात्यक्षिकात ऐकायला मिळाले नव्हते. त्याच भांडणात, कोरगुट भात खारेपणा सोसत असले तरी पावसाने जमिनीतले मीठ धुऊन नेल्याशिवाय का पेरत नाहीत, तेही तुम्ही सांगून टाकलेत.

परीक्षेत दाबाच्या प्रश्नाला बऱ्याच मुलांनी धरणाऐवजी मानशीचे दार काढले, दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या रेषांसकट. मी पूर्ण गुण दिले.

एक गोष्ट मुलांना सांगितलेली नाही, ती इथे सांगते. ओहोटीला दारे उघडतात तीच तुमची मानशीला जाळे लावायची वेळ. मासळीचा हक्क तुम्ही पावणीत, म्हणजे लिलावात, पैसे मोजून घेतलेला. मुले मोजपट्ट्या घेऊन वाकली होती तेव्हा तुम्ही जाळे गुंडाळून बाजूला ठेवलेत आणि त्या ओहोटीची सुंगटे (कोळंबी) सोडून दिलीत. विचारले तर ‘फाल्यां मेळटलीं’ (उद्या मिळतील) म्हणालात. त्याबद्दल मनापासून आभार, काका.

पुढचा उपक्रम बांधावरच्या खेकड्यांच्या बिळांचा आहे. बांध पोखरून फुटतो तो यांच्यामुळेच, असे तुम्ही म्हणाला होतात. बीळ किती खोल जाते, हे मुलांना मोजायचे आहे. अमावास्येजवळचा शनिवार धरला आहे. वेळ मात्र तुम्हीच कळवा, आणि या वेळी जाळे लावून मोकळे व्हा, मग आम्ही येतो.

तुमची,
आठवीची विज्ञान शिक्षिका