मिसिंगचे निदान आणि न वाचलेले पीयूसी प्रमाणपत्र

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेले काही दिवस जुन्या मोटारींविषयीच्या तक्रारी येत आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक पत्रांत दोषाचे खापर थेट वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर फोडलेले आहे. त्या तक्रारी खोट्या आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. परंतु शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक व्यवसायाचा शिल्पनिदेशक म्हणून नोकरी केलेल्या माणसाला एक गोष्ट खटकते, ती ही की, इंजिन जागेवर थरथरते, आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) झटके खाते, मधूनच बंद पडते, या मिसिंगच्या, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण वेळेवर न पेटण्याच्या, लक्षणांवर उपाय सुचवणारे पुष्कळ भेटतात. पण नेमका कोणता सिलिंडर काम करत नाही, हा पहिला प्रश्न विचारणारा क्वचितच भेटतो.

आमच्या गल्लीतील एका निवृत्त शिक्षकांचे, म्हणजे आम्हा सर्वांच्या गुरुजींचे, उदाहरण देतो. त्यांच्याकडे १९९७ सालची मारुती ८०० आहे; तीन सिलिंडरचे, ७९६ घनसेंटिमीटरचे, कार्बोरेटरवर (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर) चालणारे इंजिन. गेल्या पावसाळ्यापासून गाडी सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंगसकट थरथरू लागे, मात्र रस्त्याला लागून वेग घेतला की तक्रार जवळजवळ नाहीशी होई. गावातल्या एका गॅरेजने प्रथम प्लग बदलले, मग एचटी लीड, म्हणजे प्लगला वीज नेणाऱ्या तारा, बदलल्या, त्यानंतर कार्बोरेटर खोलून त्याचे किट टाकले, आणि इतके करूनही थरथर तशीच राहिल्यावर 'आता इंजिनकामच काढावे लागेल' असा निकाल दिला. बोअर आणि पिस्टनच्या रिंगांच्या खर्चाचा अंदाजी आकडा ऐकून गुरुजी गाडी भंगारात देण्याच्या विचारात होते. तोपर्यंत त्या इंजिनाला कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारा गेज, एकदाही लावलेला नव्हता.

मी गाडी पाहायला गेलो तेव्हा बॉनेट उघडण्याआधी पीयूसी प्रमाणपत्र मागितले. गुरुजींना नवल वाटले, कारण आपण सारे त्या कागदावर फक्त मुदतीची तारीख पाहतो आणि तो डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून देतो. वास्तविक तो आपल्या इंजिनाच्या श्वासाचा तपासणी अहवाल असतो. भारत स्टेज दोन या प्रदूषण-मानकाच्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत १५०० भाग, इतकी मुभा आहे. गुरुजींच्या प्रमाणपत्रावर पहिला आकडा ०.४ आणि दुसरा १२५० होता. दोन्ही मर्यादेत, म्हणून गाडी उत्तीर्ण. पण या दोन आकड्यांची जोडीच रोग सांगत होती. मिश्रण पेट्रोलने जड असेल तर कार्बन मोनॉक्साइड वाढतो. तो इतका कमी आहे, याचा अर्थ इंजिनाला पेट्रोल हवेच्या मानाने कमी मिळते आहे. तरीही न जळलेले पेट्रोल, म्हणजेच हायड्रोकार्बन, भरपूर बाहेर पडते आहे, याचा अर्थ काही वेळा सिलिंडरमधले मिश्रण पेटतच नाही. मिश्रण इतके पातळ झाले होते की ठिणगी पडूनही ज्योत धरत नव्हती.

त्यानंतरची परीक्षा फुकटची होती. इंजिन गरम असताना, आयडलिंगवर, डॅशबोर्डावरचा चोक हलकेच अर्धा ओढला. चोक हवा अडवतो आणि मिश्रण जड करतो; निरोगी गरम इंजिन अशा वेळी गुदमरते. हे इंजिन उलट शांत झाले. मग एकेक सिलिंडर बंद करून पाहिला. जो बंद केल्यावर इंजिनाचा आवाज आणि फेरे बदलत नाहीत तो सिलिंडर आधीपासूनच निकामी असतो. इथे तिन्ही बंद करताना फेरे सारखेच उतरले. म्हणजे एखादा प्लग, एखादी लीड किंवा एखादा व्हॉल्व्ह दोषी नव्हता, तिघांना समाईक असलेलेच काहीतरी बिघडले होते. इनटेक मॅनिफोल्डवरून, म्हणजे कार्बोरेटरकडून सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळकांड्यावरून, निघणाऱ्या रबरी नळ्या एकेक करून पक्कडीने हलक्या दाबत गेलो, आणि एक नळी दाबताच थरथर थांबली. त्या नळीचे टोक मॅनिफोल्डच्या बाजूने, वरून दिसणार नाही असे, चिरले होते. बोटभर नळीचा तुकडा आणि एक क्लिप, इतकाच खर्च.

हा दोष वेगात का जाणवत नव्हता, हे समजून घेण्यासारखे आहे. आयडलिंगला थ्रॉटल जवळपास बंद असते, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये निर्वात सर्वांत जास्त असतो आणि बारीकशी चीरसुद्धा बाहेरची हवा जोराने ओढते; इंजिनाला लागणारी एकूण हवाच त्या वेळी थोडी असल्याने ही चोरटी हवा मिश्रण बिघडवायला पुरेशी ठरते. थ्रॉटल उघडले की निर्वात उतरतो, खरी हवा कितीतरी पट वाढते, आणि गळती हिशेबात राहत नाही. म्हणून आयडलिंगला मिसिंग आणि वेगात आराम असेल तर आधी हवेची गळती आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पाहावेत, आणि याउलट, आंबा घाटासारख्या चढावर चौथ्या गिअरमध्ये झटके बसत असतील पण उभ्या गाडीत काहीच नसेल, तर प्लग, लीड, कॉइल आणि पेट्रोलचा पुरवठा यांच्याकडे वळावे, कारण दाबाखालच्या दाट मिश्रणातून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते आणि कच्ची लीड नेमकी तिथेच हार खाते. लीड किंवा डेल्कोचे (प्रत्येक प्लगला वीज वाटणाऱ्या भागाचे) झाकण फुटले असेल तर पावसाळी रात्री, पूर्ण अंधारात, चालू इंजिनाचे बॉनेट उघडून पाहावे. निळसर ठिणग्या बाहेर उड्या मारताना दिसतात. हात मात्र लांब ठेवावा.

व्हॅक्युम गेज हे मॅनिफोल्डमधला निर्वात मोजणारे स्वस्त साधन गॅरेजांतून जवळपास हद्दपार झाले आहे, याचा मला खेद वाटतो. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलिंगवर साधारण १७ ते २१ इंच पाऱ्याइतका स्थिर निर्वात दाखवते. उंची वाढेल तसा दर हजार फुटांना सुमारे एक इंच वजा करावा लागतो. मिरज-सांगली साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तेव्हा पुस्तकातला आकडा इथे पावणेदोन इंचांनी खाली धरावा, नाहीतर चांगल्या इंजिनालाही आजारी ठरवले जाईल. काटा खालीच स्थिर असेल तर गळती किंवा ठिणगीचे मागे पडलेले टायमिंग, आणि ठरावीक तालात मागे-पुढे नाचत असेल तर एखादा व्हॉल्व्ह, अशी त्याची भाषा आहे.

एकच सिलिंडर मेलेला आढळला, तर पुढची पायरी वेगळी. त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्यात घालून पाहावा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग दोषी, जागेवर राहिला तर लीडची अदलाबदल करावी. तरीही दोष तिथेच राहिला, तर कॉम्प्रेशन घ्यावे: इंजिन गरम, सर्व प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडे, बॅटरी भरलेली. नुसत्या एका आकड्याला फारसा अर्थ नाही, सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो दर चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या वर गेला तर काळजी करावी. कमी दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत, चढला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाहीत, आणि शेजारचे दोन सिलिंडर जोडीने पडले असतील तर त्यांच्या मधली हेड गॅस्केट गेलेली असण्याची शक्यता मोठी. इंजिनकामाचा निर्णय हे आकडे पाहून घ्यायचा असतो. पुष्कळदा व्हॉल्व्हचा दोष म्हणजे केवळ घट्ट झालेले टॅपेट असते. व्हॉल्व्हची बैठक झिजली की व्हॉल्व्ह आत सरकतो, फट संपते, आणि तो पूर्ण मिटत नाही. गॅसवर चालवलेल्या जुन्या गाड्यांत हे अधिक दिसते. अशा वेळी फट मोजणारा फिलर गेज आणि तासाभराची मेहनत पुरते.

आता इथेनॉलविषयी. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलो, आणि वीस टक्के मिश्रणाला साडेतेरा किलोच्या आसपास. ऑक्सिजन सेन्सर असलेली इंजेक्शनची गाडी हा फरक ओळखून पेट्रोल वाढवते. कार्बोरेटरच्या जेटला यातले काही कळत नाही, तो पूर्वीच्याच मापाने पेट्रोल सोडतो आणि मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ होते. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही, हेही खरे. तेव्हा गुरुजींच्या गाडीत त्याचा वाटा नव्हता असे मी म्हणणार नाही. परंतु इंधन सर्व सिलिंडरांना सारखेच पोहोचते. तीनपैकी एकच सिलिंडर मिसिंग करत असेल तर दोष टाकीतल्या पेट्रोलमध्ये शोधू नये, इतका विवेक तक्रार करणाऱ्याने ठेवायला हवा.

याहून मोठा वाटा एका गैरप्रथेचा होता, आणि हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. पीयूसीच्या आधी गॅरेजमध्ये कार्बोरेटरचा मिक्श्चर स्क्रू आत पिळून कार्बन मोनॉक्साइडचा आकडा खाली आणला जातो आणि तपासणीनंतर तो परत सोडण्याचे कोणाच्या लक्षात राहत नाही. गुरुजींच्या गाडीचा स्क्रू तसाच पिळलेला होता. त्यात पातळ मिश्रण करणारे इंधन आणि त्यावर चिरलेली नळी, असे तिन्ही एकाच दिशेने जमले. नळी बदलून आणि स्क्रू जागेवर आणून पुन्हा तपासले तेव्हा कार्बन मोनॉक्साइड १.६ आणि हायड्रोकार्बन ३८० आला. पहिला आकडा वाढला, दुसरा तिपटीहून खाली आला, आणि इंजिन शांत झाले.

ज्यांच्या गाड्या इंजेक्शनच्या आहेत त्यांनी एकेक सिलिंडर बंद करताना प्लगची लीड न उपसता इंजेक्टरचे कनेक्शन काढावे. उघडी राहिलेली लीड कॉइल आणि इग्निशनच्या इलेक्ट्रॉनिक भागांवर ताण आणते, आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन पेटले तर त्या एका भागाची किंमत जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करते. नव्या गाड्यांचा स्कॅनर कोणता सिलिंडर चुकतो हे सांगतो, का चुकतो ते सांगत नाही. तेव्हा वरच्या परीक्षा तिथेही टळत नाहीत.

माझी सूचना साधी आहे. भारत स्टेज चारच्या आधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी पीयूसी करावे लागतेच. केंद्रचालकाने प्रमाणपत्र देताना हायड्रोकार्बनचा आकडा मर्यादेच्या जवळ असल्यास तसे तोंडी सांगावे, आणि मालकाने मागचे प्रमाणपत्र जपून दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. गॅरेजचालकांना विनंती अशी की, मिसिंगच्या कामाच्या बिलावर बदललेल्या भागांच्या आधी तिन्ही किंवा चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन आणि व्हॅक्युमचा आकडा लिहावा. जो ग्राहक हे आकडे मागेल त्याच्यावर अविश्वासाचा आरोप करू नये. डॉक्टरकडे रक्ततपासणीचा अहवाल मागणाऱ्या रुग्णावर आपण तो करत नाही.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, मिरज