साक्षीदार क्रमांक दोन

खडकी, पुणे

चि. ताईस,
जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

तू लंडनला पोचलीस आणि तुझ्या मामाने लगेच फर्मान काढलं, "पोरगी तिथेच आहे तर आपल्या सुभेदारांचे कागद काढून आणायला सांग." पहिली गोष्ट, ते सुभेदार नव्हते. घरातल्या दस्तात ते "पेन्शनर हवालदार" आहेत. मामाच्या बोलण्यात दरवर्षी त्यांना एक बढती मिळते. दुसरी गोष्ट, त्यांच्याबद्दल आपल्याला पुष्कळ माहीत आहे. मला शोधायची आहे ती त्यांची बायको, माझ्या आजोबांची आजी.

दर १ जानेवारीला कोरेगावला गेलं की मामा स्तंभावरची "नाक"वाली, म्हणजे शेवटी "नाक" लागणारी महार शिपायांची नावं मोठ्याने वाचतो. तिथे बाईचं नाव नाही हे समजू शकतं, ती लढाईत पडलेल्यांची आणि जखमींची यादी आहे. पण घरात तोंडपाठ म्हटल्या जाणाऱ्या वंशावळीतही एकही बाई नाही. जणू आपल्या घराण्यात हवालदारांना थेट नाईकच व्हायचे!

तर आपल्याकडे आहे काय ते सांगते. आजोबांच्या ट्रंकेत १८९९ चं एक गहाणखत आहे. मंगळवार पेठेतली दोन खणांची जागा तिने गहाण टाकली होती. कर्ज फिटलं म्हणून कागद परत आला, नाहीतर तो सावकाराच्याच घरी राहिला असता. पुण्यात १८९६ च्या अखेरीस प्लेग शिरला, आणि हवालदार त्यातच गेले अशी घरातली समजूत. पेन्शन त्यांच्या जिवाबरोबर संपली असणार. लढाईत किंवा परमुलखात मेलेल्या शिपायाच्या वारसाला काही मिळायचं, घरी खाटेवर मेलेल्याच्या बायकोला कोण देतो?

दस्त मोडीत आहे. मी तो मोडी जाणणाऱ्या एका बाईंकडून वाचून घेतला. लिहून देणार म्हणून तिचं सासरचं नाव, पुढे "कोम", म्हणजे अमक्याची बायको, आणि नवऱ्याचं नाव, वय वर्षे ३८, धंदा मोलमजुरी. वाचता वाचता त्या बाई शेवटच्या ओळीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, इथे अंगठा नाही." मला वाटलं फाटलंय. फाटलं नव्हतं. तिथे "सही दस्तुरखुद्द", म्हणजे स्वतःच्या हातची सही, असं होतं, आणि वर बाळबोध अक्षरात तिची सही. अक्षर वळणदार नाही, "बा"चा काना रेघ सोडून खाली गेलाय, पण सही तिचीच.

१८९९ साली मंगळवार पेठेतली महार विधवा सही करते. तेव्हा पेठेतल्या भल्याभल्या घरांतल्या बायकाही अंगठा उठवायच्या. मग ही शिकली कुठे?

माझ्या मनात पहिल्यांदा फुल्यांच्या शाळा आल्या. मुक्ता साळवेने १८५५ मध्ये निबंध लिहिला तो त्याच शाळेत शिकून. पण दस्तातलं वय धरलं तर हिचा जन्म १८६१ च्या आसपासचा. (दस्तातली वयं अंदाजे असतात, चार-पाच वर्षं इकडे-तिकडे धर.) ती शिकण्याच्या वयाची होईपर्यंत त्या शाळांचा जोर ओसरला होता. राहिली पलटणीची शाळा. बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय की कंपनीच्या फौजेत देशी शिपायांना आणि त्यांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, शिक्षण सक्तीचं होतं. त्यांचे वडील रामजीबाबा स्वतः पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकून पलटणीत मास्तर झाले. मुंबईच्या पलटणींत शिपायांची बायकापोरं लाइनीतच राहायची, पलटण हलली की तीही हलायची.

म्हणजे नुसता नवरा फौजेतला नव्हे, बापही फौजेतला असणार. लग्न होऊन आलेल्या बाईला नवऱ्याच्या पलटणीत कोणी पाटी-पेन्सिल दिली नसती. फौजेतली घरं फौजेतच सोयरिक करत. बाबासाहेबांची आई भीमाईसुद्धा मुरबाडकर सुभेदारांची लेक होत्या. माझी आत्या सांगायची, "तिचा बाप हबसाणात गेला होता." आम्हा पोरांना ते गोष्टीतलं गाव वाटायचं. हबसाण म्हणजे अ‍ॅबिसिनिया. १८६७-६८ मध्ये मुंबईच्या फौजेचा सेनापती नेपिअर मुंबईहून जहाजं भरून तिकडे गेला, एप्रिल १८६८ मध्ये मग्दाला घेतलं. त्या वेळी ही सात वर्षांची. जुळतंय की नाही?

आता अडचण कुठे येते ते बघ. इंग्रज शिपायाची मुलगी असती तर एवढं डोकं चालवावंच लागलं नसतं. तिचा बाप्तिस्मा, लग्न, दफन अशा नोंदींच्या नकला लंडनला गेल्या असत्या. ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्याच्या त्या नोंदी "एन/३" या खुणेखाली आहेत. त्यांच्यातही रेजिमेंटच्या परवानगीशिवाय लग्न केलेल्या बायका "स्ट्रेंथ"वर, म्हणजे पलटणीच्या अधिकृत यादीत, नसायच्या, पण निदान चर्चच्या वहीत तरी असायच्या. आपल्या माणसांचं लग्न चर्चच्या वहीत नाही आणि पलटणीच्या यादीत शिपायापुढे त्याच्या बापाचं नाव, जात, गाव. बायको कुठेच नाही. त्यातून लग्नात पहिलं नावसुद्धा बदललेलं. आपल्याला ठाऊक आहे ते सासरचं नाव, त्या नावाने माहेरी तिला कोणी ओळखणारच नाही.

शेजारच्या जोशी काकू म्हणाल्या, त्र्यंबकला जा, उपाध्यांच्या वह्यांत सात पिढ्या सापडतात. काकू मनाने चांगल्या आहेत. मी त्यांना एवढंच म्हटलं की ज्यांना १९३० साली काळारामाच्या दारात सत्याग्रह करावा लागला त्यांची वही कोण कशाला लिहील?

म्हणून मी तिला शोधायचं सोडून तिच्या भावाला शोधते आहे. गहाणखतावर दोन साक्षी आहेत. पहिला त्याच आळीतला. दुसरा "पेन्शनर नाईक", राहणार पुरंदर तालुक्यातल्या एका गावचा. आडनाव सासरच्या भावकीत कुठेही नाही. पेठेतल्या गहाणखताला साक्ष घालायला पुरंदरहून फौजेतला पेन्शनर पायपीट करत का येईल? विधवेच्या मागे उभा राहणारा तो तिचा भाऊ असावा असं माझं मन म्हणतं. मामाला हे पटत नाही, तो म्हणतो हवालदारांचा पलटणीतला दोस्त असेल. असेलही. पण दोस्त असता तर आळीतलेच चार पेन्शनर हाताशी होते, एवढ्या लांबून माणूस बोलवायची गरज नव्हती.

पुढे मी काय करणार ते ऐक. नोंदणी कचेरीत दस्ताची नक्कल पहिल्या बुकात असते, आणि तिची सूची दोन प्रकारची. जागेवरून शोधायची ती इंडेक्स टू, घर घेताना सगळे काढतात ती. माणसाच्या नावावरून शोधायची ती इंडेक्स वन, तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. मला इंडेक्स वनमध्ये त्या नाइकाचं नाव बघायचं आहे. त्याने कधी जमीन घेतली-विकली असेल तर बापाचं नाव "बिन" पुढे मिळेल. शिवाय गावचा नमुना चौदा, म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी तहसिलांतली जुनी दप्तरं उघडली, मोडीवाले बसवले, त्यामुळे आता हे रजिस्टर मागितलं तर कारकून निदान "ते काय असतं?" असं विचारत नाही. तिचा जन्म त्यात सापडायची आशा मला नाही. भावाचा मृत्यू सापडू शकतो.

तुझं काम त्याहून थोडं. साध्या शिपायांची कागदपत्रं पलटणींकडेच राहायची, तेव्हा त्यांच्यामागे दिवस घालवू नकोस. मुंबई फौजेच्या छापील आर्मी लिस्टमध्ये देशी अंमलदार, म्हणजे सुभेदार आणि जमादार, नावानिशी असतात. १८६५ ते १८७५ च्या याद्यांत मी वेगळं कळवते ते नाव, म्हणजे त्या नाइकाच्या बापाचं असावं असं मला वाटतं ते, दिसतं का बघ. "नाक" जोडून बघ आणि न जोडता बघ. साहेबांनी स्पेलिंग कसंही केलेलं असतं, तेव्हा मोठ्याने वाचून कानाला काय लागतं ते धर. मग हबसाणच्या मोहिमेच्या पदकांच्या याद्या. त्यात मिळालं नाही तर पलटणी कोणत्या गेल्या होत्या तेवढं तरी उतरवून आण, मी इकडून पुरंदरची माणसं त्यांच्याशी लावून बघते.

आणि हो, १८९२ नंतर भरतीच बंद झाली आपल्या लोकांची, म्हणून त्यानंतरच्या याद्या उलगडत बसू नकोस. ती पुन्हा सुरू करा म्हणून वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळ्यांनी पुढे लिहिले, पण तिच्या मुलाला फौज मिळाली नाही ती नाहीच. तो दारूगोळ्याच्या कारखान्यात लागला, आणि तेव्हापासून आपण खडकीकर.

लायब्ररीचा पास फुकट मिळतो म्हणतात, पत्त्याचा पुरावा लागतो. पेन न्यायला देत नाहीत, पेन्सिल ने. गहाणखताचा फोटो वेगळा पाठवते. तिची सही मोठी करून बघ आणि "बा"च्या आधीचं अक्षर तुला काय वाटतं ते मामाला न विचारता मला कळव.

तुझी,
आई