‘वॉटरप्रूफ’ प्लायवर विसंबू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरी शिडाची होडी बांधण्यावरचा पुरवणीतला लेख उत्साह वाढवणारा आहे. क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली फ्लोरिडात आखलेली ऑप्टिमिस्ट ही मुलांची छोटी शिडाची होडी मुळात ८ बाय ४ फुटांच्या दोन प्लायमधून निघावी अशीच होती. तेव्हा अंगणात होडी होते, यात शंका नाही. पण लेखात नुसते ‘वॉटरप्रूफ प्लाय’ म्हटले आहे आणि फसगत तिथेच होते. दुकानदार त्या नावाने बहुधा आयएस ३०३ या भारतीय मानकाचा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तग धरणारा) प्लाय देतो. तो ओट्याखालच्या कपाटाला ठीक. होडीला आयएस ७१० चा मरीन प्लायच घ्यावा, ६ मिमी. शिक्क्यावरही भागत नाही. कडेने डोळा लावून पाहावे. मधल्या थरात पोकळी असेल तर फळी वाकवताना तिथेच तडकते.

फळ्या तांब्याच्या तारेने शिवताना भोके कडेपासून १० मिमी आत, साधारण १५० मिमीवर घ्यावीत. नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, बाक जास्त, तिथे ७५ वर. चिकटवण्याआधी पुढेमागे दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एकीवरून दुसरी न्याहाळावी. त्या समांतर दिसल्या नाहीत तर होडीला पीळ आहे. आत्ता तारा सैल करून तो निघतो, सांधे चिकटवणारे इपॉक्सी (राळ आणि हार्डनर मिसळून होणारा डिंक) सुकल्यावर नाही.

सांध्यात भरायचे इपॉक्सी लाकडाच्या बारीक भुश्शात कालवून श्रीखंडाइतके घट्ट करावे. पातळ राहिले तर ओघळते. लवकर सुकावे म्हणून हार्डनर वाढवणे ही फायबरग्लासच्या कामातल्या पॉलिस्टर राळेची सवय. इपॉक्सीत प्रमाण चुकले की सांधा रबरासारखा मऊ राहतो. एका वेळी शंभरेक ग्रॅमच, तेही पसरट ताटलीत. मगमध्ये साठले तर तापून धूर येतो.

आणि कोकणात हे काम पावसाळ्यात काढूच नये. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर धरतो. तो साध्या पाण्याने घासून धुतल्याशिवाय दुसरा हात दिला तर पुढे पापुद्रे निघतात. प्लाय आधीच आणला असेल तर भिंतीला टेकवून ठेवू नये, वाकतो. आडवा, सपाट, खाली तीन पट्ट्या घालून ठेवावा.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी